साडीच्या पन्नीतले चाळीस पत्ते

गोकुळ, तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत आणि मला त्याचा राग येतोय. कारखान्यातले म्हणतात, पोरगा शांत होता. गल्लीतले म्हणतात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तू शांत नव्हतास. माझ्याशी तर तू रोज भांडायचास, आणि आपलं शेवटचं भांडण अर्धंच राहिलं. ते पुरं करायचं म्हणून लिहायला बसलोय. नीट जमेल की नाही, माहीत नाही. आपल्या घरात याआधी कुणी गेलेल्या माणसाबद्दल काही लिहिलेलं नाही. आपल्याकडे रडतात, मग पाळीवर जातात.

आपण सुरतेत घरची अहिराणी बोलायचो, मध्येच हिंदी, मध्येच गुजराती. इथे मी ते शाळेतल्या मराठीत लिहितोय. तू वाचलं असतंस तर हसला असतास.

तो खेळ मीच घरी आणला. कॉलेजच्या कँटीनमध्ये माझ्या वर्गातली मुलं खेळायची. चित्रांचे इंग्रजी पत्ते. प्रत्येकाने आपापले चाळीस पत्ते निवडून डेक बांधायचा आणि समोरच्याचा किल्ला पाडायचा. नको असलेले पत्ते ती टेबलावर सोडून जायची. ते गोळा करून मी डिंडोलीला घरी आणले आणि आपल्या गच्चीवर पसरले. तू नुकताच एम्ब्रॉयडरी मशीनवरून सुटून आला होतास, केसांत जरीचा धागा अडकलेला. म्हणालास, "वाच. जे लिहिलंय तेच वाच, तुझ्या मनाचं घालू नको." मी वाचत गेलो. तू एकेक पत्ता बाजूला ठेवत गेलास. कॉलेजात जायला लागल्यापासून मी वाचलेलं कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं.

मला जोरदार पत्ते आवडायचे. तुला रॅगपिकर आवडली. चित्रात पाठीवर गोणी घेतलेली, कचरा वेचणारी बाई. तिच्यात ताकद काहीच नाही. पण ती मैदानात उतरली की आपल्याच टाकलेल्या ढिगातला एक पत्ता परत हातात घेता येतो. अडाजणच्या दुकानात, जिथे दर रविवारी पोरं खेळायला जमायची, तिथे ती कुणी खेळत नसे. तिथे ती नुसती पडलेली असायची.

मी म्हणालो, "हिच्यात दम नाही."

"दम कशाला पाहिजे? ती परत परत येते ना?"

त्या एका पत्त्याभोवती तू डेक रचलास. रचलास म्हणजे आपण भांडत भांडत रचला. आपलेच चांगले पत्ते मुद्दाम ढिगात टाकायचे. समोरच्याला वाटतं, यांचं संपलं. मग योग्य वेळी रॅगपिकर उतरवायची आणि हवा तो पत्ता उचलायचा. ऐकायला सोपं आहे. खेळताना मात्र धीर सुटतो, कारण अर्धा वेळ आपण हरताना दिसतो, आणि दिसणं व असणं यातला फरक हातात पत्ते असताना कळत नाही. मी घाबरून लवकर रॅगपिकर उतरवायचो. तू मागून म्हणायचास, "कॉलेज, आताच कशाला? बाईला जरा चालू दे."

तू मला कॉलेज म्हणायचास. सगळ्यांसमोर, रस्त्यात, माझ्या पप्पांसमोरही. मला ते टोचायचं. आता कुणी म्हणत नाही.

सराव करायला तू दुकानातल्या पोरांचे डेक कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून काढलेस. माझ्यासमोर बसून रोज वेगळाच माणूस व्हायचास. एकदा घाई करणारा, एकदा कंजूष, एकदा सारखा "रुक, रुक" म्हणणारा. हरलास की टाळी वाजवायचास. मी हरलो की गाल फुगवून बसायचो. खेळाने मला काय दिलं म्हणून कुणी विचारलं तर मी तेवढंच सांगेन. हरलेला हात पुन्हा मांडून बघायचा, कुठल्या पत्त्यावर चुकलं ते शोधायचं, आणि शोधताना कुणाला शिव्या द्यायच्या नाहीत. पहिल्या सेमिस्टरला दोन विषयांत नापास झालो तेव्हा मी तेच केलं. तुला हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, "मग माझी फी दे."

आपलं सगळ्यात लांबलेलं भांडण वॉचटॉवरवरून. तो बचावाचा पत्ता. मला डेकमध्ये दोन हवेच होते. तू म्हणायचास, "ते पत्ते डेकला नकोयत. तुला भीती वाटते म्हणून आहेत." खरं होतं, म्हणून मी जास्तच अडून बसलो. शेवटी तू हात वर केलेस. वॉचटॉवर राहिले.

मग कव्हरं. पत्त्यांच्या पाठी झिजतात, कोपरे दुमडतात. तसं झालं की उलटा असतानाही पत्ता ओळखू येतो आणि खेळाला अर्थ राहत नाही. म्हणून प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालतात आणि सगळी कव्हरं एकसारखी असावी लागतात. दुकानात तयार मिळतात. आपण घरी केली. साड्या पॅक करायची ती पातळ पारदर्शक पन्नी तू कुठून तरी आणलीस. पत्त्याच्या मापाने कापायची, दोन हॅक्सॉ ब्लेडमध्ये कड धरायची आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झरकन फिरवायची. कड चिकटते. मी केलेल्या कव्हरांना भोकं पडायची, तुझी साडीच्या पाकिटासारखी सरळ यायची. विकतची कव्हरं वरून उघडी असतात, पत्ता काढता-घालता येतो. आपण चारही बाजू बंद केल्या. सुरतेत राहून आपल्याला पॅकिंग म्हणजे तेच माहीत. माल आत, तोंड बंद.

त्या चौथ्या कडेनेच आपला घात केला.

दुकानातल्या स्पर्धेला नाव माझं दिलं होतं. तू म्हणालास, "तुला वाचता येतं, तू बस. मला बसून खेळता येत नाही, उभं राहायची सवय लागलीय." रात्रपाळी करून तू दुकानाच्या जिन्यात आलास, डेक हातात दिलास, आणि तोंडावर पाणी मारायला गेलास. पहिला डाव जिंकलो. दुसऱ्या डावात हातात एक असा पत्ता आला जो आपल्या डेकमध्ये नव्हताच. ड्राय वेल, म्हणजे कोरडी विहीर. तोही जिंकलो, पण कसा ते आठवत नाही, इतका मी चिडलो होतो. मधल्या सुट्टीत तुला खाली उसाच्या रसाच्या गाडीपाशी गाठलं.

"वॉचटॉवर कुठेयत?"

"घरी झोपलेत."

"मस्करी नको, गोकुळ. ड्राय वेल दोन्हीकडचे ढीग रिकामे करतो. आपला डेकच ढिगावर चालतो."

"आपल्या कामाचं आपण आधी उचलायचं. मग विहीर टाकायची. समोरच्याचं तेवढं जाईल."

"समोरच्याच्या ढिगात आहे काय?"

"पार्थनेही डेकमध्ये रॅगपिकर घातलीय. मागच्या रविवारी बघितलं मी. तुझं लक्ष कुठे असतं?"

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास," असं म्हणून तू माझ्या ग्लासातला रस पिऊन टाकलास.

हे तुझं नेहमीचं. दुसऱ्याचं उत्तर तू आधीच ठरवून टाकायचास आणि मग विचारायचं कामच उरायचं नाही. बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरही असायचं. त्याचाच जास्त राग यायचा.

त्या दिवशी तू बरोबर होतास. आपण, म्हणजे मी टेबलावर आणि तू भिंतीला टेकून, एकेक डाव काढत फायनलला आलो. समोर पार्थ. त्याच्या पप्पांचा उधन्यात साड्यांच्या घडी-पॅकिंगचा गाळा, आणि तुझी आई, माझी विमलमावशी, तिथेच घड्या घालते. पार्थला हे माहीत नव्हतं. मालकाच्या पोराला तिथल्या बायकांची नावं कुठून माहीत असणार? पण तो वाईट नाही. हरला तरी हात मिळवतो. हे लिहायला मला जड जातंय, तरी लिहितो.

एक डाव त्याचा, एक आपला. तिसऱ्यात मी तू शिकवलंस तसा थांबलो. किल्ला पडत आला तरी थांबलो. त्याचा ढीग मोठा झाला, आपलाही. मग रॅगपिकर उतरवली, हवं ते उचललं, आणि वर ड्राय वेल टाकला. पार्थची सगळी तयारी एका फटक्यात गेली. पोरं "ओय होय" करून टेबलाभोवती जमली. पुढच्या खेळीला आपण जिंकत होतो. मी मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. तू हसत नव्हतास, ओठ दाबून धरले होतेस. हसायचं राखून ठेवलं होतंस.

पार्थ माझ्या गड्डीकडे बघत होता. वरच्या उलट्या पत्त्याकडे. मग हळूच म्हणाला, "मितेशभाई, जरा आ कवर जोजो ने."

मितेशभाई दुकानाचे मालक, पंचही तेच. त्यांनी कव्हरं बघायला गड्डी उचलली आणि ट्यूबलाइटखाली पसरली. सगळी कव्हरं पांढरट, फक्त एक निळसर. टाकलेला ड्राय वेल त्याच्या शेजारी ठेवला. तोही निळसर. गड्डीतला पत्ता उलटा केला. दुसरा ड्राय वेल. चाळिसातले नेमके दोन पत्ते वेगळे, आणि नेमके तेच दोन, ज्यांनी डाव फिरतो.

मला आत्ता ते सगळं सांगता येतं. चारही बाजू बंद असल्याने ड्राय वेलना वॉचटॉवरची कव्हरं चढवता आली नाहीत, नवी करायला पहिली पन्नी उरली नव्हती, दुसऱ्या रोलची पन्नी रंगाला जरा वेगळी होती. यात फसवणूक कुठेच नाही. पण तेव्हा मी "सर, वो" एवढंच म्हणालो. मागून कुणीतरी म्हणालं, "वाह, क्या दिमाग है."

तू पुढे आलास. "पन्नी मेरी है. इसको कुछ मालूम नहीं."

मितेशभाई म्हणाले, "कहाँ से लाया? दो टाइप की क्यों है?"

तू पार्थकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. आणि म्हणालास, "मेरी है, बोला ना."

बस. एवढंच. त्या खोलीत प्रत्येकाला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं. मी म्हणालो, "सर, डेक दोनों का है." मितेशभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू बैठ. तू पढ़ने वाला लड़का है." माझा फक्त डाव गेला. तुला सांगितलं, पुन्हा येऊ नको. आपण दोघांनी एकाच गच्चीवर तेच पत्ते पिसले होते, आणि मला सोडवायला माझं कॉलेजचं ओळखपत्र पुरलं.

घरी जाताना उधन्याच्या पुलावर आपण भांडलो, आठवतं ना?

"सांग ना त्यांना, पन्नी संपली, दुसरी घेतली."

"सोड."

"दोन लाल धाग्यांतला फरक तुला लांबून कळतो. तुला हे दिसलं नाही?"

"पाळीवरून आलो होतो. डोळे चालत नव्हते."

"मग तेच सांग. आणि पन्नी कुठून आणली तेही सांग. लपवतोयस म्हणून त्यांना संशय येतो."

"सोड म्हटलं ना."

"चोर म्हणतायत तुला."

"म्हणू दे. तुला तर नाही म्हणत."

मी तुला तिथेच सोडून पुढे निघून गेलो. मला वाटलं, याला माझ्यावर उपकार करायचे आहेत. मी मागितलेले नव्हते. त्यानंतर आपण बोलत होतो, पण गच्चीवर गेलो नाही.

काही महिन्यांनी मी एकदा दुकानात गेलो. पार्थ आपला डेक खेळत होता. नुसता तसाच नव्हे, पत्त्याला पत्ता तोच. काळी चकचकीत कव्हरं, रॅगपिकर, दोन ड्राय वेल. शेजारच्या टेबलावरही तोच. मी रागाने फणफणत तुझ्याकडे आलो. तू दारात बसून मोजे धूत होतास. सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "जिंकतो का?"

"हो. पण..."

"मग डेक बरोबर होता," असं म्हणून तू इतका हसलास की मावशी बघायला बाहेर आली. मला वाटलं, निदान आता तरी तुला राग येईल. त्याच क्षणी मला म्हणायचं होतं की वॉचटॉवरचं तुझंच खरं होतं. राहून गेलं.

मग ताप. चार पाळ्या काढल्या की उतरेल म्हणालास, आणि पाळ्या काढल्यास. मी दवाखान्यात आलो तेव्हा तू माझ्या परीक्षेचं विचारलंस, बसचं विचारलंस, डबा कुणी आणला ते विचारलंस. पत्त्यांचं ना तू काढलंस, ना मी. मला वाटलं, बरा झाल्यावर भांडू.

तुझं तेरावं झालं आणि मितेशभाईंचा फोन आला. तुझ्या नावाने स्पर्धा ठेवली होती. "आंटी को लेकर आना, पंकज. बच्चों को अच्छा लगेगा." मला जायचं नव्हतं. पण मावशीला कळलं आणि ती तयार झाली. तू सुट्टीच्या दिवशी कुठे जायचास ते तिला बघायचं होतं.

दुकानात तुझा फोटो लावला होता, कुठल्या तरी ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात. हार घातला होता. मावशीला पंख्याखाली खुर्ची दिली, थंडा दिला. ती बाटली दोन्ही हातांत धरून बघत राहिली. मी टेबलं पाहत होतो. अर्ध्या टेबलांवर तुझाच डेक. रॅगपिकर उतरत होती, ड्राय वेल पडत होते, पोरं एकमेकांना सांगत होती, "अभी नहीं, रुक, बाद में निकाल." तू मला भिंतीला टेकून सांगायचास ती वाक्यं कुठून कुठून तिथे पोचली होती. तुझं नाव कुणी घेत नव्हतं. माझ्या मनात आलं, हा डेक खुणांवर जिंकत होता म्हणता, तर तो यांच्या काळ्या कव्हरांत कसा जिंकतोय? हे मोठ्याने विचारायला हवं होतं. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात पार्थ उभा राहिला.

तो मनापासूनच बोलला. "गोकुल अच्छा प्लेयर था. उससे एक गलती हुई थी. जो हुआ सो हुआ, हमने दिल से माफ किया." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मावशी माझ्याकडे वाकली. "कसानी माफी रे, पंकज?"

तू घरी काहीच सांगितलं नव्हतंस. एवढ्या महिन्यांत एक अक्षर नाही.

मी तिला बाहेर जिन्यात नेलं आणि सगळं सांगितलं. तिला पत्ते कळत नाहीत, फायनल कळत नाही. ती मध्येच एवढंच म्हणाली, "मन्हा पोऱ्याले चोर म्हनतस?" मग मी कव्हरांचं सांगितलं. निळसर पन्नीचं. तिने मला थांबवलं.

"पन्नी? साडीवरनी?"

"हो. त्याने मार्केटमधून कुठून तरी..."

"मार्केटमधून नही. मी आणेल व्हती. डब्बानी थैलीमा."

ती पायरीवर बसली आणि सांगत गेली. रोल संपला की शेवटचा तुकडा मशीनवर चढत नाही, फेकूनच देतात. तू मागितलास म्हणून तिने एक आणला, डब्याच्या थैलीत घडी घालून. गाळ्यातून बाहेर पडताना गेटवर बायकांच्या थैल्या बघतात. मागे एकीच्या थैलीत लेसचा तुकडा सापडला आणि तिला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मावशीला तेव्हा भीती वाटली होती, पण तू कधी काही मागायचा नाहीस, म्हणून तिने आणला. आणि स्पर्धेच्या सकाळी, पाळीवरून येताना घरी डोकावून, तू "अजून जरासा आहे का?" विचारलंस तेव्हा तिच्याकडे मागाहून आणलेला दुसऱ्या रोलचा तुकडा होता.

मितेशभाईंनी "कहाँ से लाया" विचारलं तेव्हा तू पार्थकडे का पाहिलंस, ते मला त्या पायरीवर कळलं. पुलावर मी ज्यासाठी तुझ्यावर ओरडत होतो, ते तू कधीच सांगणार नव्हतास. गाळ्याच्या मालकाचा मुलगा समोर बसला होता. तू चोर झालास तो आईला चोर होऊ द्यायचं नाही म्हणून, आणि मला वाटत राहिलं की ते माझ्यासाठी होतं.

मावशी उठली आणि वर जायला लागली. मी तिचा हात धरला. "मावशी, नको. काम जाईल. त्याने त्यासाठीच तर..." तिने हात सोडवून घेतला. तुझ्यासारखीच. विचारलंच नाही.

खेळ चालू होता. ती सरळ पार्थच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. तिची हिंदी तुला माहीत आहे. "बेटा, वो पन्नी मैं लाई थी. तुम्हारे गाले में काम करती है मैं. दो रोल का अलग अलग था. मेरा लड़का चोर नहीं था."

पार्थचे कान लाल झाले. तो उभा राहिला, हातातले पत्ते टेबलावर पालथे ठेवले आणि म्हणाला, "अरे आंटी, एटली वातमां शुं? पन्नी ही तो है."

मितेशभाई धावत आले. "आंटी, हमारे मन में कुछ नहीं था. सच में." आसपासच्या पोरांनी माना हलवल्या. कुणीतरी तिला आणखी एक थंडा आणून दिला. मग पुढची फेरी पुकारली गेली आणि सगळे आपापल्या टेबलावर बसले.

पन्नी ही तो है. गोकुळ, मी या वाक्याशी गेले कित्येक दिवस झगडतोय. इतकं सोपं होतं ते? तू त्या दिवशी खरं बोलला असतास तर पार्थ हेच म्हणाला असता आणि आपण ती फेरी जिंकून उसाचा रस प्यायला गेलो असतो? मग तू हे सगळं उगाचच अंगावर घेतलंस. की फोटोला हार घातलेल्या पोराच्या आईसमोर कुणीही असंच बोलतं, आणि तुझ्यासमोर तो वेगळं बोलला असता? मला ठरवता येत नाही. पहिलं खरं धरलं तर तुझ्या खुळेपणाचा राग येतो. दुसरं खरं धरलं तर त्या दुकानात ज्याने ज्याने मान हलवली त्या प्रत्येकाचा. दोन्ही राग घेऊन मी कॉलेजात जातो, घरी येतो. तू असतास तर म्हणाला असतास, "कॉलेज, एकच धर." मला एकही सोडता येत नाही.

पार्थचं उत्तर तू त्याच्या वतीने ठरवून टाकलंस. मावशीचं ठरवलंस, माझंही. आम्हाला कुणालाच बोलायची पाळी दिली नाहीस. याबद्दल मी तुला सोडणार नाही. आणि तुझ्याइतकं माझ्यासमोर बसून कुणी हरलं नाही, मला शिकवायला म्हणून, तेही सोडणार नाही.

मावशीला कामावरून कुणी काढलं नाही. पार्थच्या पप्पांनी तिला ऑफिसात बोलावून चहा पाजला, तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले. ती घड्या घालते, वेळेवर जाते, वेळेवर येते. संध्याकाळी सुटल्यावर गेटवरचा माणूस तिला म्हणतो, "मावशी, तुमची थैली नको, जा तुम्ही." तरी ती थांबते. थैली उघडते, डबा बाहेर काढते, झाकण काढून त्या माणसाला आतून दाखवते, आणि तो बघेपर्यंत हलत नाही.